सुभेदार सर आणि चाडचं मत

सुभेदार सरांशी भांडता यायचं नाही. मी भरपूर प्रयत्न करून पाहिलाय. आपण तावातावाने दहा वाक्यं बोलावीत, टेबलावर हात आपटावा, आणि त्यांनी मान खाली घालून सगळं ऐकून घ्यावं. मग ते हळूच म्हणायचे, "म्हंजे तुझं म्हणणं असं हाय का बघ," आणि आपलीच दहा वाक्यं आपल्याला परत ऐकवायचे. क्रमाने, एकही मुद्दा न गाळता, फक्त शिव्या तेवढ्या वगळून. शेवटी विचारायचे, "बरोबर सांगितलं का?" आपण 'हो' म्हटल्याशिवाय स्वतःचं एक अक्षर बोलायचे नाहीत. तोवर आपला अर्धा राग निवलेला असायचा, आणि उरलेल्या अर्ध्याला पाय कुठे आहेत ते आपल्यालाच सापडायचं नाही. तापट माणसाचा यापेक्षा मोठा छळ दुसरा नसेल.

ही खोड त्यांना फौजेत लागली. ते वायरलेसवर होते. आलेला निरोप आधी जसाच्या तसा परत वाचून दाखवायचा, पलीकडच्याने 'बरोबर' म्हटलं की मगच तो पोचला असं धरायचं. आफ्रिकेत संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेबरोबर निळी टोपी घालून ते एक वर्ष राहिले होते. दोन टोळ्यांच्या मधे एक टेकडी, टेकडीवर तंबू, तंबूत सुभेदार सर आणि त्यांचं यंत्र. "तिकडं एक निरोप चुकला की मानसं मरत व्हती," ते म्हणायचे. "इकडं लई तर लई दोस्ती मरती. पर ती तरी कामून मारायची?"

आमची सैनिकी शाळा लातूरजवळच्या मुरुडच्या अलीकडे, माळावर होती. निवासी. मी भोकर तालुक्यातला. आई एका वसतिगृहात स्वयंपाकाला होती, वडील दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. प्रवेश परीक्षेत नंबर लागला म्हणून मी त्या माळावर पोचलो, नाहीतर मला कोणी विचारलं नसतं. आई भेटायला यायची तेव्हा गेटवर सरांना "जयभीम सुभेदार" म्हणायची, आणि इतर वेळी सगळ्या जगाला 'जय हिंद' घालणारे सर तिला "जयभीम बाई, पोरगं ठीक हाय, फक्त तोंड लई चालतं" असं उत्तर द्यायचे. शाळेत ते कवायत शिकवायचे. इंग्रजी, इतिहास, भूगोल यांच्याशी त्यांचा कागदोपत्री काहीही संबंध नव्हता.

मी अकरावीत असताना नांदेडच्या एका कॉलेजातून आमंत्रण आलं. मॉडेल संयुक्त राष्ट्रसभा. म्हणजे मुलं वेगवेगळ्या देशांचे प्रतिनिधी होऊन बसतात, दोन दिवस एखाद्या जागतिक प्रश्नावर वाद घालतात, ठराव लिहितात, एकमेकांची मतं मिळवतात आणि मतदान करतात. सगळं इंग्रजीत. पुण्याच्या, हैदराबादच्या शाळा येणार होत्या. आमचे इंग्रजीचे सर म्हणाले, "आपल्या पोरांचं हसं होईल." भूगोलाचे सर म्हणाले, त्यांच्या मेव्हण्याचं लग्न आहे. मग कवायतीचे सुभेदार उभे राहिले आणि प्राचार्यांना म्हणाले, "साहेब, त्या सभेची टोपी मी डोक्यावर घातलीय. पोरं मी नेतो."

प्राचार्यांनी परवानगी दिली, पण अट घालून. "यंदा सर्वोत्तम प्रतिनिधीची ट्रॉफी आणली तर दर वर्षी संघ पाठवू. नाही आणली, तर हे लाड बंद." सरांनी ती अट आम्हाला ग्राऊंडवर उभं करून शब्दशः वाचून दाखवली. वर म्हणाले, "समजलं? बरोबर सांगितलं का?" संघातले आम्ही चौघे ओरडलो, "हो सर!"

चौघांत माझी निवड कशी झाली तेही सांगतो. मेसमध्ये रविवारी अंडी असायची. मी माझं अंडं देऊन एकाकडून आठवड्याचं बूट पॉलिश करून घ्यायचो, ते चकचकीत बूट दाखवून दुसऱ्याचे बूटही त्याच पोराकडून पॉलिश करून द्यायचो, आणि त्या बदल्यात त्या दुसऱ्याचं अंडं खायचो. सरांनी मला रंगेहाथ पकडलं. ग्राऊंडला दहा चकरा मारायला लावल्या. मी धापा टाकत परत आलो तर म्हणाले, "उद्यापासून सायंकाळी माझ्याकडं ये. तुझ्या जिभेला धंदा नसला की ती मेसमधी दुकान टाकून राहिली."

माझं इंग्रजी तेव्हा लंगडं होतं. सरांचंही फार मोठं नव्हतं, पण वायरलेसचं होतं. छोटी वाक्यं, ठासून. त्यांनी मला ग्राऊंडच्या एका टोकाला उभं केलं, स्वतः दुसऱ्या टोकाला गेले, आणि तिथून ओरडले, "बोल!" मी माझं भाषण ओरडायचो. लांबलचक वाक्य वाऱ्यात फुटायचं. ते हात हलवायचे, म्हणजे पोचलं नाही. मग मी तेच वाक्य तोडायचो, अजून तोडायचो. शेवटी ते अंगठा दाखवायचे. "जे वाक्य ग्राऊंड पार करत न्हाई ते सभेत कामाचं न्हाई. एका वाक्यात एकच माल भर." आजही मला एखादा माणूस लांब वाक्य बोलायला लागला की तो काहीतरी लपवतोय असा संशय येतो, आणि धंद्यात तो बहुतेक वेळा खरा निघतो.

एका रविवारी ते आम्हाला जनावरांच्या बाजारात घेऊन गेले. तिथे तेव्हा अजून दलाल रुमालाखाली हात धरून बोटांनी भाव ठरवायचे. आम्हाला वाटलं ते दाखवायला आणलंय. सर म्हणाले, "रुमाल सोडा. तोंडं बघा. सकाळपासून 'न्हाई' किती जण म्हणून राहिले ते मोजा, अन् त्यातले खरंच निघून किती गेले तेबी मोजा." दुपारपर्यंत आम्ही मोजलं. 'नाही' म्हणणारे एकवीस, निघून गेलेले चार. लिंबाखाली बसून शेंगा खाता खाता सरांनी हिशेब मांडला, "म्हंजे सतरा 'न्हाई' कच्चे व्हते. सभेतबी तसंच असतं. कच्चा 'न्हाई' कोन्ता हे ज्याला वळखू येतं त्याला मतं भेटतात." परराष्ट्र धोरणाचं यापेक्षा स्वच्छ शिक्षण कुठे मिळत असेल असं मला वाटत नाही.

आणि तिसरा धडा हजेरीचा. तो नीट सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. सभेच्या सुरुवातीला प्रत्येक देशाचं नाव पुकारतात. प्रतिनिधीने उत्तर द्यायचं असतं. नुसतं 'प्रेझेंट' म्हटलं तरी चालतं, 'प्रेझेंट अँड व्होटिंग' म्हटलं तरी चालतं. दोन्ही उत्तरं नियमावलीत होती. फरक काय ते मागच्या कुठल्यातरी पानावर होतं. आमच्या शाळेत मात्र हजेरीला अर्धवट उत्तर दिलं की कोपरांवर रांगायची शिक्षा होती. त्यामुळे सरांनी दोन उत्तरांतलं लांबलचक ते निवडलं. "हजेरीला पूर्ण जवाब द्यायचा. छाती काढून." आम्ही आठवडाभर माळावर 'प्रेझेंट अँड व्होटिंग' असं ओरडत होतो. शेजारच्या शेतातला म्हातारा एकदा कुंपणाशी येऊन विचारून गेला, कोण कोणाला बोलवून राहिलं म्हणून.

नांदेडला आम्ही एसटीने गेलो. मला देश मिळाला होता चाड. विषय होता दोन-तीन देशांतून वाहणाऱ्या पाण्याची वाटणी. चाडमध्ये मोठा तलाव आहे आणि तो आटत चाललाय, त्याच्याकडे येणारं पाणी वरच्या बाजूला कॅमेरूनमध्ये अडतं. हे मला पाठ करावं लागलं नाही. नळाला आठ-आठ दिवस पाणी न येणाऱ्या जिल्ह्यातून मी आलो होतो.

सभागृहात आमचा पहिला तास हसण्यात गेला, म्हणजे इतरांच्या. अध्यक्षस्थानी कॉलेजातली एक मुलगी होती. ती आमच्याकडे बघून काहीही बोलली की आम्ही ताडकन उठून सावधानमध्ये उभे राहायचो. ती म्हणायची, बसा. आम्ही बसायचो. ती म्हणायची, धन्यवाद. आम्ही पुन्हा उभे. हैदराबादचे तिघे तर तोंडावर फाईल धरून हसत होते. हजेरीला मी 'प्रेझेंट अँड व्होटिंग' असा आवाज दिला की माईकवाला दचकला. मागच्या रांगेत सरांचा अंगठा वर गेलेला मला दिसला.

पण भाषणं संपून मोकळी चर्चा सुरू झाली, म्हणजे उठून फिरून मतं गोळा करायची वेळ आली, तेव्हा तो हॉल माझा बाजार झाला. पुण्याची मुलं सुंदर इंग्रजीत एकमेकांना पटवत होती. मी कोणाला पटवत नव्हतो. मी विचारत होतो, तुला काय हवंय? एकाला स्वतःचं नाव ठरावावर हवं होतं, दिलं. एकाला फक्त एक शब्द बदलून हवा होता, बदलला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझ्या ठरावाला बहुमत येत आलं होतं, तीन मतं कमी पडत होती. ती तीन मतं कॅमेरूनकडे होती.

कॅमेरून म्हणजे पुण्याच्या एका शाळेची मुलगी. चष्मा, दोन वेण्या, आणि वहीत रेघा मारून सगळ्यांचा हिशेब. ती माझ्याचसारखी निघाली. म्हणाली, "माझी आणि माझ्या दोन मित्रदेशांची मतं तुझ्या ठरावाला देते. माझा दुसरा ठराव आहे, वरच्या देशांना छोटी धरणं बांधू देण्याचा. त्याला तू मत देणार नाहीस, मला माहितीये. देऊ नकोस. फक्त विरोध करू नकोस. तटस्थ राहा."

"बस्स एवढंच?" मी म्हणालो.

"एवढंच. शब्द?"

"शब्द," मी म्हणालो आणि हात पुढे केला. तिने आधी वहीत लिहिलं, मग हात मिळवला.

माझा ठराव आधी मतदानाला आला. तिची तिन्ही मतं आली आणि ठराव पास झाला. मग तिचा. एकेक देश पुकारला जात होता. चाड आलं. मी म्हणालो, "तटस्थ." अध्यक्ष मुलीने समोरचा कागद पाहिला आणि म्हणाली, "चाडने हजेरीला 'प्रेझेंट अँड व्होटिंग' असं सांगितलंय. त्यामुळे चाडला तटस्थ राहता येत नाही. हो किंवा नाही."

हाच तो फरक. तो मागच्या पानावर होता. ते पान मी वाचलं नव्हतं, सरांनीही वाचलं नव्हतं. सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. चाडचं हित कशात आहे ते मला झोपेतही ठाऊक होतं. मी म्हणालो, "नाही."

पंधरा बाजूने, पंधरा विरुद्ध, एक तटस्थ. बरोबरीत आलेला ठराव पडतो. तिचा पडला.

चहाच्या सुट्टीत ती सरळ आमच्याकडे आली. "माझी तीन मतं घेतलीस आणि मला बुडवलंस. तुझा शब्द म्हणजे एवढाच का?"

माझं डोकं सटकलं. "नियमच तसा होता, मी काय करू? मी मुद्दाम केलं का? जा, नियमावलीशी भांड!"

सर मधे आले. त्यांनी आधी तिचं म्हणणं तिला परत सांगितलं, बरोबर का विचारलं. मग माझं म्हणणं मला परत सांगितलं, बरोबर का विचारलं. ती म्हणाली, "बरोबर." मीही दात खाऊन म्हणालो, "बरोबर." मग ते मला बाजूला घेऊन गेले. त्यांच्या हातात नियमावली होती. मागे बसून त्यांनी आत्ता ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली होती, जे आम्ही दोघांनी महिनाभर आधी करायला हवं होतं. एका ओळीवर त्यांचं बोट होतं. ज्या बाजूचा विजय झाला त्या बाजूने मत देणारा प्रतिनिधी फेरमतदानाची मागणी करू शकतो.

"तू मागू शकतोस," सर म्हणाले.

"मागून काय करू? तटस्थ राहता येतच नाही! 'हो' म्हणावं लागेल. चाडने कॅमेरूनच्या धरणाला 'हो' म्हणायचं? परीक्षक मला हाकलतील. सर, ट्रॉफी माझ्या हातात आलीये!"

"आलीय."

"मी 'हो' म्हणायचा शब्द दिला नव्हता."

"न्हाई दिला. तू शब्द दिला व्हता की तिचा ठराव तुझ्यामुळं पडनार न्हाई. तो तुझ्यामुळं पडला."

मी घासाघीस सुरू केली. म्हटलं, तिची सगळ्यांसमोर माफी मागतो. सर म्हणाले, "माफी तिला नको हाय." म्हटलं, परीक्षकांना चूक समजावून सांगतो. "त्यानं तिचा ठराव उठून बसतो का?" म्हटलं, आणि प्राचार्यांची अट? ट्रॉफी गेली तर संघच बंद होतो, खालच्या वर्गातल्या पोरांचं काय? यावर त्यांनी नियमावली मिटून काखेत धरली. मला वाटलं, इथे अडकले.

"चूक माझी हाय," ते म्हणाले. "हजेरीचा पाठ मी दिला. पर शब्द तुझा हाय. माझी चूक मी निस्तरंन. तुझा शब्द मला न्हाई पाळता येत, पोरा."

"हा हुकूम आहे का सर?"

"हुकूम न्हाई. हुकूम असता तर सोपं झालं असतं तुला."

मी परत हॉलमध्ये गेलो. पाय आपटतच गेलो. हात वर केला, फेरमतदान मागितलं, आणि माझं नाव पुकारल्यावर 'हो' म्हणालो. तेही इतक्या मोठ्याने की ग्राऊंड पार करून गेलं असतं. तिचा ठराव सोळा विरुद्ध चौदाने पास झाला.

समारोपाला परीक्षक म्हणाले की, चाडचा प्रतिनिधी मतं जुळवण्यात सगळ्यांच्या पुढे होता, पण स्वतःच्या देशाच्या विरोधात मत देणाऱ्याला सर्वोत्तम म्हणता येणार नाही. ट्रॉफी कॅमेरूनला गेली. ती मुलगी ट्रॉफी घेऊन आमच्या रांगेपाशी आली आणि मला म्हणाली, "थँक यू." मी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सरांनी मात्र तिला कडक सॅल्यूट ठोकला.

परतीच्या एसटीत सर माझ्या शेजारी येऊन बसले. अहमदपूर येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होतो. त्यांनी केळं पुढे केलं, मी घेतलं नाही.

"प्राचार्यांना मी सांगतो, माझी चूक व्हती म्हणून."

"मग ट्रॉफी पण तुम्हीच आणून द्या."

"म्हंजे तुझं म्हणणं असं हाय की..."

"परत सांगू नका!" मी इतक्या जोरात ओरडलो की कंडक्टरने मागे वळून पाहिलं. लातूरपर्यंत ते केळं त्यांच्या हातातच होतं. उतरताना ते फक्त म्हणाले, "चाड, बॅग घे तुझी." तेव्हापासून त्यांनी मला माझ्या नावाने कधीच हाक मारली नाही.

सरांनी प्राचार्यांसमोर चूक कबूल केली. प्राचार्यांनी संघ बंद केला. बारावी झाल्यावर शाळा सोडताना सगळी मुलं सरांच्या पाया पडत होती. मी लांबून सॅल्यूट केला आणि गाडीत बसलो. माझ्या हक्काची वस्तू माझ्याकडून काढून घेतली गेली होती, आणि ज्याने घेतली तो माणूस इतका भला होता की त्याला शिव्याही देता येत नव्हत्या.

पुढे मी मुरुडलाच धंदा टाकला. जुने ट्रॅक्टर घ्यायचे, दुरुस्त करायचे, विकायचे. कोणाच्या ओळखीवर नाही, बापाच्या जमिनीवर नाही, निव्वळ जिभेवर. एका दुपारी यार्डात सुभेदार सर उभे. सोबत पुतण्या. नोकरी संपवून ते किनवटकडच्या त्यांच्या गावी निघाले होते, पुतण्याच्या शेतीसाठी ट्रॅक्टर बघायला आले होते. माझ्याकडेच का आले, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मी एक लाल ट्रॅक्टर दाखवला. रंग नवा, टायर चांगले. भाव सांगायला तोंड उघडलं, तर ते म्हणाले, "भाव मागाहून. आधी याला काय बिघाड हाय ते सांग."

धंद्यात आल्यापासून हा प्रश्न मला कोणी इतक्या सरळ विचारला नव्हता. गिऱ्हाईक बिघाड शोधतं, मालक लपवतो, असाच खेळ असतो. मी म्हणालो, "क्लच प्लेट बदलावी लागेल. हायड्रॉलिक अर्धवट उचलतं. रंग मीच मारलाय, खाली गंज आहे."

"मग हा नको. दुसरा दाव."

दुसरा घेतला त्यांनी. तेव्हापासून मी प्रत्येक गिऱ्हाइकाला बिघाड आधी सांगतो. साधूपणा म्हणून सांगतो असं कोणी समजू नये. बिघाड आधी सांगितला की माणूस भावावर कमी भांडतो, हे मला त्या दिवशी कळलं. बाजारात माझी चेष्टा होते, 'हा आधी ट्रॅक्टरची निंदा करतो मग विकतो' म्हणून. होऊ दे. माल माझाच आधी जातो.

चहा घेताना ते म्हणाले, "चाड, तुझा राग अजून ताजा हाय."

"हाय."

"असू दे. तुझ्या जागी मी असतो तर मलाबी आला असता." मग पुतण्याला म्हणाले, "चल रे, किनवट लांब हाय." तीच शेवटची भेट.

गेल्या वर्षी पुतण्याचा फोन आला. सर गेले होते, फार दुखणं न काढता. मी किनवटला पोचलो तेव्हा सगळं उरकलेलं होतं. पुतण्या म्हणाला, "काका तुमचं लई सांगायचे." काय सांगायचे ते ऐकायला मी थांबलो नाही. गाडीत बसलो आणि दोन दिवसांनी सरळ शाळेत गेलो. तिथे आता नवे प्राचार्य आहेत, शिकलेले, मऊ बोलणारे. मी म्हणालो, मॉडेल राष्ट्रसभेचा संघ परत सुरू करा. दर रविवारी येऊन मी शिकवीन. त्यांनी क्लार्कला जुनी फाईल आणायला सांगितली.

फाईलमध्ये सुभेदार सरांचे अर्ज होते. संघ बंद झाल्यापासून ते नोकरी संपेपर्यंत, दर वर्षी जूनमध्ये एक. 'संघ पुन्हा पाठवण्यास परवानगी मिळावी.' प्रत्येक अर्जावर जुन्या प्राचार्यांचा लाल शाईतला शेरा, 'ट्रॉफीची हमी दिल्यास विचार करू.' आणि त्याखाली प्रत्येक वर्षी सरांच्या ठोकळेबाज अक्षरात, 'हमी देता येत नाही. तयारीची जबाबदारी घेतो.' त्याखाली पुन्हा लाल शाई, 'नामंजूर.' पाच अर्ज. एका अक्षराचा फरक नाही. माझं नाव कुठेच नाही.

मला इतका संताप आला की क्लार्क दोन पावलं मागे सरकला. हमी द्यायला काय लागतं? दोन शब्द! 'हमी देतो' लिहायचं, संघ सुरू करायचा, ट्रॉफी आली तर आली, नाही आली तर पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. सगळा बाजार असाच चालतो. पाच वर्षं एकच भाव सांगत बसला हा माणूस, एका पैशानेही खाली आला नाही, आणि आम्हाला घासाघीस शिकवायला निघाला होता. समोर असते तर मी त्यांना धरून विचारलं असतं.

नवे प्राचार्य चष्मा पुसत म्हणाले, "तुमचा उत्साह मला आवडला. पण संस्थेला उत्तर द्यावं लागतं. तुम्ही मोठे व्यावसायिक आहात. निदान पहिल्या तीन वर्षांत एक ट्रॉफी येईल अशी हमी देता का?"

'देतो' हा शब्द माझ्या जिभेवर तयारच होता. असे शब्द मी दिवसाला पन्नास देतो.

"हमी देता येत नाही," मी म्हणालो. "जबाबदारी घेतो."

त्यांनी फाईल मिटली. मी ती परत उघडली. मग दोन तास मी त्यांच्या टेबलाशी भांडलो. त्यांनी पुढच्या वर्षी बघू म्हटलं, मी याच वर्षी म्हटलं. ते फक्त जिल्हा पातळी म्हणाले, मी नांदेड म्हणालो. त्यांची जेवायची सुट्टी गेली, माझी दोन गिऱ्हाइकं यार्डातून परत गेली. शेवटी त्यांनी अर्जावर लिहिलं, 'एक वर्षासाठी मंजूर', आणि अटीचा रकाना आडवी रेघ मारून रिकामा सोडला. ती रेघ त्यांनी माझ्यासमोर मारली, मी मारायला लावली.

आता दर रविवारी सहा मुलं आणि दोन मुली त्या माळावर उभ्या असतात. नियमावलीतलं प्रत्येक पान, मागचंसुद्धा, मी त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घेतो. डिसेंबरात आम्ही नांदेडला जातोय. जिंकू की नाही, मला माहीत नाही, आणि तसं मी त्यांच्या आईबापांनाही सांगितलंय.

त्या वर्षीची ट्रॉफी मात्र माझी होती. यावर मी आजही कोणाशीही भांडायला तयार आहे.